सफरचंदानंतरचा न्यूटन

न्यूटन म्हटलं की आपल्याला आठवतं ते सफरचंद, तीन नियम आणि फर्स्ट इयरचा मेकॅनिक्सचा पेपर. पण मित्रांनो, याच न्यूटनने आयुष्याची शेवटची तीस वर्षं टांकसाळीत नोकरी केली! हे वाचलं तेव्हा मला तो पहिल्यांदाच आपल्यातला, म्हणजे इंजिनिअर वाटला.

जन्म १६४२ चा, इंग्लंडमधल्या वुल्सथॉर्प खेड्यात. वडील जन्माआधीच वारलेले. सव्विसाव्या वर्षी केंब्रिजला प्रोफेसर, १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’. आणि १६९६ मध्ये लंडनच्या टांकसाळीचा वॉर्डन.

तेव्हा इंग्लंडचं चांदीचं नाणं पार बिघडलं होतं. जुनी नाणी हातोड्याची. दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवायची आणि वरून घाव घालायचा. चकती सरकली की राजाचा चेहरा अर्धा; घाव दोनदा बसला की अक्षरं दुहेरी. कडा तर कधीच एकसारखी नाही, त्यामुळे लोक ती हळूच कातरून चांदी काढून घ्यायचे. १६६२ पासून मशीनची नाणी निघत होती, पण चांगलं नाणं घरात आणि कातरलेलं बाजारात, असा प्रकार चालला होता.

शेवटी सगळी जुनी नाणी वितळवून नवी पाडायचं ठरलं. वॉर्डनची खुर्ची खरं तर आरामाची, पण न्यूटन स्वतः कामाला भिडला. प्रेस मिनिटाला किती ठोके मारतो, तेही त्याने मोजलं. पाच शहरांत जादा टांकसाळी निघाल्या. चेस्टरच्या टांकसाळीत धूमकेतूवाला हॅली होता. दोन-तीन वर्षांत काम उरकलं. मधल्या काळात मात्र नाण्यांची टंचाई झाली आणि हाल झाले ते गरिबांचे.

खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे तो हात धुऊन लागला. साक्षीपुरावे स्वतः गोळा केले. त्यातला विल्यम चॅलोनर १६९९ मध्ये फाशी गेला. कायदा तसाच होता, तरी हे वाचताना मला न्यूटनची थोडी भीतीच वाटली.

त्याच वर्षाच्या शेवटी तो मास्टर झाला. नाण्यांच्या वजनातला फरक त्याने आणखी कमी केला, कारण जड नाणी निवडून वितळवण्यात लोकांचा फायदा होता. आपल्या भाषेत, टॉलरन्स घट्ट केला. १७२७ मध्ये वारला तेव्हाही तो मास्टरच होता.

गंमत म्हणजे आज संग्राहक हातोड्याची तीच चुकलेली नाणी शोधत फिरतात. मला वाटतं, दोघेही बरोबर आहेत. चुकलेल्या नाण्यात ठोकणाऱ्याचा हात दिसतो. पण ज्याची मजुरी त्या नाण्यात मिळते, त्याला वजन पूर्णच हवं.