पालवणकर बाळू : चेंडूला चाललेला हात

वर्धा शहरातील लक्ष्मीनारायण मंदिराचे दार शेठ जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील हा दिवस बहुतेकांना परिचित आहे. मात्र असेच एक दार त्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या क्रिकेट मैदानांवर ठोठावले गेले होते, याचे स्मरण फारसे होत नाही. ते ठोठावणारे गृहस्थ म्हणजे पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजातील एका कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरूनच आडनाव पडले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते आणि त्यांचे बंधू शिवराम खेळ शिकले. घरच्या गरिबीमुळे शिक्षण लवकरच सुटले. पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रोलर फिरविणे हे काम त्यांना दरमहा तीन रुपये पगारावर मिळाले. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे सरावासाठी ते ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी करीत. डाव्या हाताची त्यांची संथ फिरकी या परिश्रमातून घडली. मात्र फलंदाजीची संधी त्यांना तेथे कधी मिळाली नाही.

त्यांच्या कौशल्याची वार्ता शहरात पसरली, तेव्हा पुण्यातील हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. इंग्रजांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा होता. पण त्याच्यासोबत खेळणे अनेक सवर्ण सभासदांना मान्य नव्हते. अखेर विजयाच्या इच्छेने विटाळाच्या कल्पनेवर मात केली, पण ती अर्धवटच. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र इतरांना कपबशा मिळत, आणि बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे असे. ज्या हाताने बळी मिळवून द्यायचे, तोच हात पंगतीत चालत नव्हता.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले, तसेच मुंबई-बडोदा व मध्य भारत रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. राज्यकर्त्यांवर त्यांच्याच खेळात मिळविलेला हा विजय देशभर गाजला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी निराशाजनक होती. २३ पैकी अवघे सहा सामने जिंकता आले. पण पस्तिशीत पोहोचलेल्या बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. ते परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा गौरव केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंच्या नावावर १७९ बळी आहेत.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९१३ चे कर्णधार पै यांनी हा मान बाळूंचा आहे, असे जाहीरपणे मान्य केले. निर्णय मात्र बदलला नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही कर्णधारपदासाठीचा हक्क डावलला गेला. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. केवळ गुणांना जे साधले नव्हते, ते या नकाराने साधले. बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली युरोपियनांवर विजय मिळताच चाहत्यांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. त्या लढतीत ते पराभूत झाले. दोघांचे मार्ग भिन्न होते. ज्या अपमानातून ते निघाले, तो मात्र एकच होता. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज शाळाशाळांतून आपण मुलांना सांगतो की गुण असला की माणूस पुढे जातोच. बाळूंचे चरित्र हे विधान अर्धेच खरे ठरविते. गुणांनी त्यांना मैदानात नेले; पण न्याय मिळायला कुणीतरी हक्काची संधी नाकारून उभे राहावे लागले, आणि तोवर बाळूंचे खेळण्याचे दिवस सरत आले होते. आपल्या संस्थांमध्ये, संघांमध्ये आणि पंगतींमध्ये असा एखादा हात अजूनही केवळ कामापुरता चालतो काय, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.