फादर थॉमस स्टीफन्स: एक गेला, एक राहिला



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं एक गोष्ट मनांत येते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी शिक्षणासाठीं वा चाकरीसाठीं नागपूर, पुणें, मुंबई येथें गेलेलें आहे. जो गेला तो हुशार व जो राहिला तो मंद, असें कोणी म्हणतो. जो गेला तो निष्ठुर व जो राहिला तो मायाळू, असें दुसरा म्हणतो. ह्या दोन्हीं समजुती कितपत खऱ्या, हें फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रावरून कळून येईल.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्यांचे वडील लंडन येथें व्यापारी होते. त्या काळीं राणी एलिझाबेथच्या राज्यांत कॅथलिक उपासनेस बंदी होती. तरुणपणीं स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड नामक गृहस्थाशीं स्नेह जडला. पाउंड वयानें सुमारें दहा वर्षांनीं वडील, आणि एके काळीं राणीच्या दरबारांत वावरलेला. रोम येथें जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा, असा दोघांनीं बेत केला. दोघांची श्रद्धा एक, संकट एक व इच्छाही एकच. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला व पुढें सुमारें तीस वर्षें त्यास तुरुंगांत काढावीं लागलीं. स्टीफन्स एकटेच निसटले आणि १५७५ सालीं रोम येथें संघांत दाखल झाले. मात्र मित्रास ते विसरले नाहींत. त्यांच्या रदबदलीवरून १५७८ सालीं पाउंडास तुरुंगांत असतांनाच संघांत घेण्यांत आलें.

ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं स्टीफन्स लिस्बनहून जहाजांत बसले व ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. त्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं वडिलांस पत्रानें कळविलें. वाटेंत पुष्कळ उतारू आजारी पडले, कित्येक दगावले. तरी समुद्रांतील पक्षी, मासे व वारे यांचें निरीक्षण त्यांनीं सोडलें नाहीं. पूर्वपश्चिम अंतर मोजण्यास आकाशांत स्थिर खूण नाहीं, ही नावाड्यांची अडचणही त्यांनीं समजावून सांगितली. संकटांतही ज्याची जिज्ञासा मावळत नाहीं, असा हा स्वभाव होता.

पुढें सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यत्वें गोव्यांतील सासष्टींत काम केलें. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांचें ग्रीक व लॅटिन भाषांशीं असलेलें साम्य नमूद केलें. त्याच सुमारास राल्फ फिच व इतर इंग्रज व्यापारी गोव्यांत कैदेंत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं जामिनाची खटपट त्यांनींच केली. सासष्टींतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें १५६७ सालीं पाडलीं होतीं. पूर्वीचीं पुराणें नवख्रिस्ती लोकांस दुरावलीं होतीं. ही उणीव जाणून त्यांनीं मराठी ओवींत सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. येथील लिपींत छपाई व्हावी म्हणून १६०८ सालीं त्यांनीं वरिष्ठांस लिहिलें होतें. पण अक्षरांचे साचे फार लागत असल्यामुळें तें जमलें नाहीं, व १६१६ सालीं राचोल येथें ग्रंथ रोमन लिपींतच छापला गेला. १६१९ सालीं गोव्यांतच त्यांचें देहावसान झालें. मायदेशीं ते पुन्हां गेले नाहींत. त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें.

आतां विचार करावा. जिज्ञासा, परक्यांत मिसळण्याची वृत्ति व नवें शिकण्याची बुद्धि हे गुण ज्याच्या ठायीं असतात, त्याचें पाऊल लौकर घराबाहेर पडतें, हें खरें. पण निघण्याचें धैर्य पाउंडाकडेही होतें. त्याची वाट तुरुंगानें अडविली. म्हणून, गेला त्यावरून कोणाची बुद्धि मोजूं नये, व राहिला त्यावरून कोणाची उणीव काढूं नये. येथें राहून आईबापांची सेवा व शेती सांभाळणाऱ्या मुलास कमी लेखणें हा अन्याय होय.

जे जातील त्यांनीं जेथें जातील तेथील भाषा व माणसें आपलीं करावीं, व मागें राहिलेल्यांची आठवण ठेवावी. जे राहतील त्यांनीं जाणाऱ्यांस प्रार्थनेनें निरोप द्यावा. दोघांचाही वाटाड्या एकच प्रभु आहे. त्याचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.