नरसिंह चिंतामण केळकर

नरसिंह चिंतामण केळकर ऊर्फ तात्यासाहेब केळकर (जन्म: मोडनिंब, २४ ऑगस्ट १८७२, मृत्यू: पुणे, १४ ऑक्टोबर १९४७) हे मराठी पत्रकार, ग्रंथकार आणि टिळकपक्षाचे राजकीय नेते होते. साहित्यसम्राट या बिरुदामुळे त्यांचे लेखन स्मरणात राहिले. निवडणुकीत दिलेले वचन पक्षाने कोठवर पाळावे, या १९२५-२६ मधील वादातील त्यांची भूमिका मात्र तुलनेने अपरिचित राहिली आहे.

== पूर्वायुष्य ==

कायद्याची पदवी घेतल्यावर केळकरांनी काही काळ साताऱ्यास वकिली केली. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले. पुढे 'केसरी' व 'मराठा' या दोन्ही पत्रांचे संपादकपद त्यांनी सांभाळले. १९०९ मध्ये त्यांनी 'आयर्लंडचा इतिहास' हा ग्रंथ लिहिला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगचे ते चिटणीस झाले. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष होते. लीगचे नाव आयरिश चळवळीवरूनच घेतलेले होते.

== १९२० चा जाहीरनामा ==

१९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी प्रतियोगी सहकारितेचे धोरण मांडले. सरकार जितके देईल तितके स्वीकारावे आणि उरलेल्यासाठी झगडावे, असा त्याचा आशय होता. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला व कायदेमंडळाच्या निवडणुका लढविण्याचे ठरले. १ ऑगस्ट रोजी टिळकांचे निधन झाले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनाने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला. हा निर्णय मान्य नसतानाही केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसची शिस्त पाळून निवडणुकीतून माघार घेतली. टिळकांच्या जाहीरनाम्याची परीक्षा त्यामुळे झालीच नाही.

== स्वराज्य पक्ष आणि तांबे प्रकरण ==

चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी १९२३ च्या आरंभी स्वराज्य पक्ष स्थापन केला. कायदेमंडळात शिरून अडवणूक करावयाची, परंतु अधिकारपद घ्यावयाचे नाही, हे या पक्षाचे मतदारांना दिलेले वचन होते. केळकर त्या वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले. मध्य प्रांतात पक्षाने मंत्रिमंडळ चालू दिले नाही. तेथे सोपीव खाती गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली. पण अडवणुकीतून पुढे काय साधावयाचे, याचे समाधानकारक उत्तर पक्षाकडे नव्हते.

ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्य प्रांत कायदेमंडळाचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. ते स्वराज्य पक्षाचे असल्याने मोतीलालांनी हा वचनभंग ठरविला. केळकर व मुकुंदराव जयकर यांनी तांब्यांची बाजू घेतली. विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले होते आणि खुद्द मोतीलाल सरकारनियुक्त स्कीन समितीवर बसले होते. मग दोष एकट्या तांब्यांचाच का, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. त्याने पक्षाची विसंगती उघड झाली, पण मतदारांना दिलेला शब्द बदलावयाचा तर त्यांना पुन्हा विचारावयास नको काय, हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. केळकर, जयकर आणि बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी पक्ष सोडला व फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याच्या परिषदेनंतर प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. एप्रिलमध्ये साबरमती येथे झालेली तडजोड महिन्याभरात मोडली.

त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत तो प्रश्न मतदारांपुढे आलाच. मध्य प्रांत-वऱ्हाडात स्वराज्य पक्षाची पीछेहाट झाली आणि केळकर पुन्हा निवडून आले. योगायोग असा की आयर्लंडमध्येही हाच पेच पडला होता: राजनिष्ठेची शपथ घेणार नाही असे सांगणारे एमन डी व्हॅलेरा ऑगस्ट १९२७ मध्ये सहकाऱ्यांसह शपथेच्या नोंदवहीत सही करून संसदेत बसले.

== उत्तरायुष्य ==

केळकर १९२९ पर्यंत मध्यवर्ती कायदेमंडळात होते. हिंदुमहासभेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९३२ च्या तिसऱ्या गोलमेज परिषदेस ते उपस्थित होते. १९३७ मध्ये काँग्रेसने स्वतःच प्रांतोप्रांती मंत्रिपदे स्वीकारली. तेव्हा केळकर तिच्या बाहेर होते. टिळकांचे त्रिखंडात्मक चरित्र आणि 'गतगोष्टी' हे आत्मचरित्र या काळाच्या अभ्यासासाठी आजही वाचले जाते. स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांनी पुण्यात त्यांचे निधन झाले.