लिंडले मरे : एका व्याकरणकाराचे चरित्र

इंग्रजी शिकताना ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट’, ‘मे’, ‘शॅल’ आणि ‘विल’ ही इवलीशी सहायक क्रियापदे विद्यार्थ्यांस किती सतावितात, हे आम्ही नित्य पाहतो. आज्ञा कोणती, सल्ला कोणता आणि नुसती अपेक्षा कोणती, हे इंग्रजीत पुष्कळदा ह्या शब्दांवरूनच ओळखावयाचे असते. ह्या शब्दांचे नियम सोप्या रीतीने मांडून ज्यांनी ते देशोदेशींच्या शाळांत पोहोचविले, त्या लिंडले मरे ह्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहोत.

मरे ह्यांचा जन्म इ. स. १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात एका क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क येथे राहावयास गेले आणि तेथे वडिलांचा व्यापार भरभराटीस आला. वडील मायाळू, पण शिस्तीचे मोठे कडक. संध्याकाळी परवानगीवाचून घराबाहेर पडू नये, असा त्यांचा मुलास सक्त हुकूम होता. लिंडले सुमारे चौदा वर्षांचा असताना एके दिवशी वडील घरी नव्हते, आणि गावात नुकत्याच आलेल्या काकांनी त्यास आपल्याकडे बोलाविले. आप्ताकडे जाण्यात गैर ते काय, असे वाटून तो गेला. वडिलांनी त्यास कठोर शासन केले. अपमान सहन न होऊन मुलाने घर सोडले, आणि न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे जाऊन तो एका वसतिशाळेत राहिला.

तेथे असता एका गृहस्थाने फिलाडेल्फियास पोहोचवावयाचे एक पत्र विश्वासाने त्याच्या हाती दिले. ते वेळेवर पोहोचावे म्हणून लिंडले स्वतः फिलाडेल्फियास गेला, आणि त्यामुळेच त्याचा ठावठिकाणा घरच्यांस लागला. काकांनी त्याची समजूत घातली, आणि तो घरी परतला. आमच्या मते ह्या चरित्रातील हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हुकुमाने जो मुलगा घराबाहेर गेला, तोच आपण होऊन ओळखलेल्या कर्तव्यामुळे घरी परत आला.

पुढे बापलेकांत पुन्हा मतभेद झाला. मुलाने पेढीवर बसावे असे वडिलांस वाटे, तर मुलाचा ओढा कायद्याकडे होता. ह्या वेळी मात्र तो पळाला नाही. त्याने आपली कारणे लिहून काढली, घरच्या वकिलांनीही रदबदली केली, आणि वडिलांनी संमती दिली. त्याच वकिलांच्या कचेरीत त्याचा सहाध्यायी होता जॉन जे, जो पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला सरन्यायाधीश झाला.

वकिली आणि व्यापार ह्यांत मरेसाहेबांनी चांगले द्रव्य मिळविले. पण प्रकृती ढासळली. इ. स. १७८४ मध्ये ते इंग्लंडात आले आणि यॉर्क शहराजवळील होलगेट येथे त्यांनी बिऱ्हाड केले. स्नायूंच्या दुर्बलतेमुळे त्यांस चालणे कठीण झाले, आणि अखेरची अनेक वर्षे तर घरातच काढावी लागली. यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांनी सोपे व्याकरण लिहून देण्याची त्यांस विनंती केली. त्यातून इ. स. १७९५ मध्ये त्यांचे ‘इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध झाले. त्यातील बराच भाग पूर्वीच्या व्याकरणकारांकडून घेतलेला आहे. मरे ह्यांचे कौशल्य मांडणीत होते. पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, आणि आपल्या देशातील जुन्या इंग्रजी शाळांतही ते शिकविले जाई. पुस्तकांचे उत्पन्न मरेसाहेबांनी परोपकाराकडे लाविले. इ. स. १८२६ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या व्याकरणात ‘मस्ट’ने अवश्यता, ‘कॅन’ने सामर्थ्य, ‘मे’ने मोकळीक अथवा संभव, आणि ‘शुड’ने कर्तव्य सुचविले जाते, असे सांगितले आहे. प्रथमपुरुषी ‘शॅल’ केवळ भविष्य सांगतो व ‘विल’ निश्चय दाखवितो. द्वितीय व तृतीय पुरुषी ह्याच्या उलट, तेथे ‘शॅल’ने वचन, आज्ञा किंवा धमकी व्यक्त होते. हा शेवटचा भेद आजच्या बोलण्यातून बहुतेक मावळला आहे. परंतु ‘मस्ट’ आणि ‘शुड’ ह्यांतील भेद कायम आहे. वडील माणसास सल्ला देताना ‘मस्ट’ घातले, तर तो बहुधा हुकुमासारखा वाटतो. तेथे ‘शुड’ शोभते. ‘ऑट’चाही अर्थ बहुतेक तोच, मात्र त्यापुढे ‘टू’ लागतो. ठरावाने किंवा रिवाजाने जे व्हावयाचे असते, तेथे ‘सपोज्ड टू’ म्हणतात.

‘शुड’ने सल्लाही दिला जातो आणि अपेक्षाही व्यक्त होते, ह्याचे विद्यार्थ्यांस नवल वाटते. पण आपल्या मराठीतही तसेच नाही काय? ‘मुलाने खरे बोलावे’ हा उपदेश. ‘गाडी एव्हाना यावी’ ही अपेक्षा. दोन्हीकडे विध्यर्थच आहे. ‘बोललेच पाहिजे’ म्हणताच मात्र उपदेशाची सक्ती होते. म्हणून ही इंग्रजी रूपे पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपलीच वाक्ये क्षणभर कानांनी तपासून पाहावी.

पालकांसही आम्ही एवढेच सुचवू इच्छितो : घरात ‘पाहिजे’ लागतेच, त्यावाचून शिस्त नाही. परंतु मूल जेव्हा आपली कारणे घेऊन समोर उभे राहते, तेव्हा ‘करावे’ हा शब्दही हाताशी असावा. मरे ह्यांच्या वडिलांस तो उशिरा सापडला. पण सापडला, आणि त्यांचा मुलगा घरी राहिला.