उंदरांच्या दुधातून कॅन्सरचं कोडं उलगडू पाहणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

आईला स्तनाचा कॅन्सर झाला की मुलीच्या मनात प्रश्न येतोच, आता आपलं काय? हाच प्रश्न मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत उंदरांना घेऊन सोडवायला बसल्या होत्या डॉ. कमल रणदिवे.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. लेकीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. लेकीनं एमएस्सी केली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांवर!

१९३९ ला लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या. टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ ला पीएचडी. मग थेट अमेरिका, जॉर्ज गाय यांची लॅब. प्रसिद्ध हेला पेशी वाढवल्या त्या याच गाय यांनी. शरीराबाहेर पेशी जगवायचं तंत्र शिकून रणदिवे परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली.

आता उंदरांकडे. कॅन्सरचं प्रमाण जास्त असलेल्या जातीची पिल्लं जन्मताच दुसऱ्या जातीच्या उंदरिणीला पाजली, तर त्यांच्यात गाठी कमी होतात, हे अमेरिकेत १९३६ लाच दिसलं होतं. म्हणजे दोष नुसता रक्ताचा नाही, दुधातूनही काहीतरी जातंय. तो निघाला विषाणू. रणदिवेंनी आनुवंशिकता, हार्मोन्स आणि हा विषाणू यांचा एकत्र विचार केला. हे त्यांचं मोठं काम.

या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएमध्ये असतो. पेशीत शिरला की त्याची डीएनए प्रत बनते आणि उंदराच्या डीएनएत घुसते. ती वाढीच्या जीनशेजारी बसली, तर तिचा एक तुकडा स्वतः प्रोटीन न बनवता शेजारचं बटण चालू करतो. पेशी वाढत सुटते. हे कळलं १९८२ च्या सुमारास.

आईच्या दुधाला मात्र घाबरू नका. माणसांत असा विषाणू स्तनाच्या कॅन्सरला कारण ठरल्याचं सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्यानं आईचा धोका थोडा कमीच होतो.

आज संशोधक माणसाच्या पेशीतले असे आरएनए शोधतायत, जे प्रोटीन बनवत नाहीत, पण कॅन्सरची पेशी साखर किती खाणार आणि किती वेगानं वाढणार यावर परिणाम करतात.

१९८२ लाच रणदिवेंना पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या. त्याआधी १९७३ ला मैत्रिणींसोबत त्यांनी महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली होती. गोवंडीहून हार्बर लाइन पकडून मानखुर्द आणि खाडी ओलांडली की वाशी. तिथं संघटनेचं नोकरदार बायकांसाठीचं हॉस्टेल आणि पाळणाघर आहे.