पापड, बोव्हरिल आणि पाच हजारांचे कर्ज

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळे आठवते, दीक्षाभूमी आठवते. मी लिहिणार आहे ते त्यांच्या खिशाबद्दल. महिन्याच्या वीस तारखेनंतर आपल्या हॉस्टेलवर ज्या विषयाची सगळ्यात जास्त चर्चा असते, तो विषय त्यांना आयुष्यभर पुरला.

वडील रामजी सुभेदार यांची पेन्शन महिना ५० रुपये. मुंबईत परळच्या डबक चाळीत एकच खोली. भीमरावांना एखादे पुस्तक हवे असले की रामजी धाकट्या लेकीकडे जाऊन दोन-चार रुपये मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीचा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. पुस्तकासाठी कर्ज आणि वेळेवर परतफेड, हे गणित मुलाने घरातच पाहिले होते.

कॉलेजसाठी सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची, असा करार होता. आपल्या सीनियर्सना कंपन्या बॉण्ड लिहून घ्यायला लावतात, तसलंच हे. न्यूयॉर्कमध्ये खाण्यावर रोज साधारण १ डॉलर १० सेंट खर्च व्हायचे. त्यात एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटण किंवा मासळीची एक डिश. उरलेल्यातून घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घ्यायची. ती जवळजवळ दोन हजार झाली! म्हणजे काटकसर पोटाची होती, पुस्तकांची नव्हती.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. सामानाची पेटी ज्या बोटीवर होती ती बोट बुडाली. बडोद्याला नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कोणी देईना. एका पारशी सराईत दिवसाला दीड रुपया देऊन राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक फर्मसुद्धा काढली. हे वाचून मी उडालोच. पण सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचे बंद झाले. इथे काटकसर काय कामाची? कमाईचा रस्ताच अडवलेला असला की नुसत्या बचतीने माणूस वर येत नाही, आणि हे आपल्याला बचतीवर लेक्चर देणारे सहसा सांगत नाहीत.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी हा पगार मोठाच. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाचे पैसे रमाबाईंच्या हाती द्यायचे आणि बाकीचे लंडनसाठी बाजूला टाकायचे. १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातला मित्र नवल भथेना याच्याकडून घेतलेले ५,००० रुपये कर्ज, एवढ्यावर ते पुन्हा बोटीत बसले. भथेना पारशी होता, हे इथे सांगायलाच हवं.

आता एक हिशेब बघा. निघाले त्या वर्षी रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता, म्हणजे पौंडाला साधारण दहा रुपये. वर्षभरात रुपया घसरत सव्वा शिलिंगाजवळ आला आणि पौंडाला पंधरा-सोळा रुपये मोजावे लागू लागले. मुंबईत साठवलेला रुपया लंडनमध्ये तेवढाच राहिला नाही. आणि हा विद्यार्थी प्रबंध कशावर लिहीत होता, तर रुपयावर! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'.

घरमालकीण नाश्त्याला पावाचा एक तुकडा, थोडा मासा किंवा जॅम आणि चहा द्यायची. दुपारचे जेवण नाही. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन. रात्री बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पेय, आणि बिस्किटे. मध्यरात्री भूक असह्य झाली की मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड काढायचे आणि पत्र्यावर चार भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. भाषणांमध्ये हे फार कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही, उपाशी राहणे म्हणजे उपाशी राहणेच. इकडे रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. या कर्जाचे व्याज खरे कोणी भरले, असे विचारले तर मी त्यांचे नाव घेईन.

पैसे संपत आले म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब परतले. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मुंबईत बसून केल्या आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टर झाले, पण वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आला. बडोद्याचा करार पुरा झाला नव्हता, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या वसुलीचा तगादाही मागे होता.

असा माणूस २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला आला. तिथे महार-मांग वतनदार परिषद होती. महार वतन म्हणजे गावची जमिनीची एक छोटी पट्टी, आणि तिच्या बदल्यात सगळ्या घराने पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस गावाची आणि सरकारची कामे करायची. बाबासाहेबांनी स्वतः कर्जे घेतली, पण ती फिटू शकणारी होती. हे वतन म्हणजे हप्ता कधीच न संपणारे कर्ज, आणि ते आजोबाने घेतलेले नातवाने फेडायचे. १९२८ पासून ते कौन्सिलात या वतनाविरुद्ध झगडत होते. कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ चा आहे. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ लाच गेले होते.