हेन्री बेसेमर आणि पोलादाचा सलग पत्रा



पोलादाचा विषय निघाला की हेन्री बेसेमर हे नाव एका ओळीत येतं आणि जातं. वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून स्वस्त पोलाद बनवणारे संशोधक, एवढंच. त्यांची दुसरी धडपड मला जास्त महत्त्वाची वाटते.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १८१३ रोजी इंग्लंडमधील चार्लटन या गावी झाला. वडील छपाईचे खिळे ओतायचे, म्हणजे ओतकाम घरचंच. तरुणपणी हेन्रींनी यंत्राने सोनेरी भुकटी बनवली. कृती बाहेर फुटू नये म्हणून कामावर मेहुणेच ठेवले! याच पैशावर पुढचे प्रयोग झाले.

१८५६ मध्ये चेल्टनहॅम इथे त्यांनी पोलादाची नवी रीत जाहीर केली. परवाने घेतलेल्या कारखानदारांचं पोलाद मात्र ठिसूळ निघालं, कारण त्यांच्या लोखंडात फॉस्फरस होता. बेसेमर यांनी मग शेफिल्डमध्ये स्वतःचाच कारखाना काढला.

आता ती दुसरी धडपड. तेव्हा पोलाद साच्यात ओतून त्याचे ठोकळे करायचे, पुन्हा तापवायचे आणि लाटायचे. इंधन आणि वेळ दोन्ही जायचं. बेसेमर यांना वाटलं, वितळलेला रस थेट दोन थंड फिरत्या रुळांच्या फटीत ओतला तर? दुधावर साय धरते तशी प्रत्येक रुळाला लागून घट्ट कातडी धरते. खाली दोन्ही कातड्या एकमेकींना चिकटतात आणि पत्रा बाहेर येतो. १८६५ मध्ये त्यांना याचं अमेरिकन पेटंटही मिळालं.

ऐकायला सोपं आहे, पण गोम पृष्ठभागात आहे. धार जरा कमीजास्त झाली की रसाची पातळी हलते आणि कातडी कुठे जाड, कुठे पातळ होते. मग थंड होताना पातळ जागी भेग पडते. उडालेले थेंब आधीच गोठून पत्र्यात रुततात. कडेने रस गळतो. हे सगळं क्षणार्धात होतं, आणि ते आवरणारी साधनं त्या काळात नव्हतीच. मुलांना तव्यावरच्या घावनाचं उदाहरण द्या, लगेच कळतं.

तरी त्यांनी कल्पना सोडली नाही. १८९१ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी याच विषयावर निबंध मांडला. १५ मार्च १८९८ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे जर्मनीच्या सिगफ्रीड युंगहान्स यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी साचाच वर-खाली हलता ठेवला, म्हणजे धरलेली कातडी साच्याला चिकटून फाटत नाही. आज साच्यात वंगणासाठी खास भुकटीही टाकतात. जगातलं बहुतेक पोलाद आता अशा सलग ओतकामानेच बनतं. बेसेमर यांच्या दोन रुळांच्या कल्पनेवर पोलादाचा पत्रा काढणारा कारखाना मात्र अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, क्रॉफर्ड्सव्हिल इथे, २००२ मध्ये सुरू झाला.